चाक उघडं असताना : बससेवांच्या व्यवस्थापनाला कार्यशाळेतून खुले पत्र

प्रति,
सार्वजनिक बससेवा चालवणारी सर्व व्यवस्थापने, त्यांचे यंत्र अभियंते आणि आगार व्यवस्थापक यांस

विषय : रात्रपाळीच्या पर्यवेक्षकाला टेबलावरून उठवून पिटवर (गाडीखाली काम करायच्या खड्ड्यावर) उभे करणेबाबत

सा. न. वि. वि.

बस दुरुस्त करतो कारागीर. ती खरोखर दुरुस्त झाली का, हे ठरवतो पर्यवेक्षक. त्याला कुठे प्रमुख कारागीर म्हणतात, कुठे पाळीप्रमुख, कुठे चार्जमन, कुठे फोरमन. काम मात्र सगळीकडे एकच : दुसऱ्याच्या हाताने झालेल्या कामाची जबाबदारी स्वतःच्या सहीने घ्यायची. ही सही कशाच्या बळावर होते, याबद्दल हे पत्र आहे.

आमची मागणी एका वाक्यात मावते. चाक उघडं असताना पर्यवेक्षक त्या चाकाजवळ असला पाहिजे. चाकातला ब्रेकचा ड्रम बसला, नट आवळले, गाडी जॅकवरून उतरली की आतलं काही दिसत नाही. त्यानंतर केलेली तपासणी म्हणजे टायरला लाथ मारून पाहणं.

आधी वेळेचं गणित मांडू. समजा ६० गाड्यांचं आगार आहे आणि त्यातल्या ४० रात्री परत येतात. पाळी आठ तासांची, जेवणाचा अर्धा तास वजा केला की हातात ४५० मिनिटं. प्रत्येक गाडीभोवती एक फेरी, खाली वाकून एक नजर, चालकाची नोंद वाचणं, याला पाच मिनिटं धरली तरी २०० मिनिटं गेली. कामवाटपाला ३०. चालकांशी बोलायला ६०. स्टोअरमधून माल काढायला आणि जुना भाग जमा करायला ४५. रस्त्यात बंद पडलेल्या गाडीच्या फोनाला ३०. रजिस्टर, संगणकातल्या नोंदी, डिझेल-ऑइलचा हिशेब, सकाळी वर पाठवायचा तक्ता यांना ९०. बेरीज ४५५. पाच मिनिटं आधीच जास्त झाली आणि अजून एकही ड्रम उघडलेला नाही. एका उघड्या चाकापाशी नीट पाहायला दहा मिनिटं लागतात. रात्री सहा चाकं उघडली तर आणखी एक तास हवा.

हा तास कुठून येतो? तो येतच नाही. तक्ता सकाळी सातला वर गेला नाही तर फोन येतो, ड्रमजवळ कोणी उभं नव्हतं म्हणून फोन येत नाही. माणूस फोन येणारं काम आधी करणार. पहाटे साडेचारला सगळ्या गाड्यांची कामाची कार्डं एकत्र सहीला येतात आणि एका बसणीत संपतात, याचं कारण आळसात शोधू नये. ते या बेरजेत आहे.

आता त्या दहा मिनिटांत पाहायचं काय, ते सांगतो. ते समजलं तर मागणी का केली आहे हेही समजेल.

सुरुवात चालकाच्या तक्रारीपासून होते. चालक लिहितो, ‘गाडी डावीकडे ओढते.’ तो रोज २०० ते ३०० किलोमीटर त्या स्टिअरिंगवर असतो, त्यामुळे तक्रार खरी असते. पण ती लक्षणाची नोंद आहे, कारण त्यात नाही. पर्यवेक्षकाने त्याला थांबवून एक प्रश्न विचारायचा : सरळ चालताना ओढते, की ब्रेक मारल्यावर? सरळ चालताना ओढत असेल तर टायरमधली हवा, चाकांची अलाइनमेंट, स्प्रिंगच्या पाट्याचं मुख्य पान, सैल झालेला यू-बोल्ट किंवा चिकटलेला ब्रेक पाहायचा. ब्रेक मारल्यावर डावीकडे ओढत असेल तर याचा अर्थ डाव्या बाजूचा ब्रेक उजवीपेक्षा जास्त लागतोय, आणि बहुतेक वेळा दोष उजव्या चाकात असतो, कारण तिथला ब्रेक लागतच नाही. हा प्रश्न न विचारता काम वाटलं की कारागीर डावं चाक उघडतो, त्याला काही सापडत नाही, डावा ब्रेक तो थोडा ढिला करतो. ओढणं थांबतं. तक्रार बंद होते. गाडीचा पुढचा ब्रेक मात्र आता दोन्ही बाजूंनी कमी लागतो, आणि ती सकाळी घाटात जाते.

उजवं चाक उघडलं असतं तर बहुधा लायनरवर, म्हणजे ड्रमला घासून ब्रेक लावणाऱ्या अस्तरावर, ग्रीस किंवा तेल सापडलं असतं. तेलाने भिजलेला लायनर पेट्रोलने पुसून किंवा जाळून परत बसवायची पद्धत काही ठिकाणी अजून आहे. तो वरून कोरडा दिसतो, गरम झाला की आतलं तेल पुन्हा बाहेर येतं. तो बदलायचा, आणि बदलायचा तो एक्सलच्या दोन्ही बाजूंना, एकाच कंपनीचा. एका बाजूला नवा आणि दुसरीकडे अर्धा झिजलेला ठेवला की ओढण्याची तक्रार आपणच तयार केली. ड्रमला खोल चरे असतील तर नवा लायनर फक्त उंचवट्यांवर टेकतो. अशा वेळी ड्रम टर्निंगला पाठवायचा, पण ड्रमवर छापलेल्या कमाल व्यासाच्या आत राहील तोवरच. त्यापुढे तो भंगार. पातळ ड्रम लवकर तापतो, तापला की फुगतो आणि लायनरपासून दूर जातो. आंबोली किंवा कुंभार्लीच्या उतारावर पेडल अर्ध्यापर्यंत जायला लागतं ते असं.

मग प्रश्न : ग्रीस आलं कुठून? हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाच्या, सीलमधून. सील का गेलं? एकतर जुनंच परत बसवलं, किंवा हबमध्ये ग्रीस ठासून भरलं. बेअरिंगच्या रोलर्समध्ये ग्रीस पूर्ण दाबून भरायचं, हबच्या पोकळीत मात्र साधारण एक तृतीयांश ते निम्मं. जास्त भरलेलं ग्रीस तापून पातळ होतं आणि सील ढकलून बाहेर येतं. बेअरिंगचा नट आवळताना चाक फिरवत ठेवायचं, रोलर जागेवर बसले की कंपनीच्या पुस्तकात सांगितला असेल तेवढा नट मागे घ्यायचा, नवी लॉक वॉशर किंवा स्प्लिट पिन घालायची, आणि मग चाक वर-खाली धरून हलवून पाहायचं. ‘थोडा टाइट ठेवलेला बरा’ हे वाक्य बेअरिंगच्या बाबतीत जीवघेणं आहे. घट्ट बेअरिंग तापतं, ग्रीस जळतं, रोलर जाम होतात. चाक निखळण्याच्या एका मार्गाची सुरुवात इथे होते. हे सगळं ड्रम बसल्यावर कोणाला दिसणार?

ऑटो स्लॅक अ‍ॅडजस्टर (लायनर झिजेल तसा ब्रेक आपोआप जुळवून घेणारा भाग) असलेल्या गाड्यांवर आणखी एक सवय मोडायला हवी. ब्रेक चेंबरचा (हवेच्या दाबाने ब्रेक ढकलणाऱ्या डब्याचा) रॉड जास्त बाहेर येतोय असं दिसलं की कारागीर पाना लावून स्लॅक हाताने आवळतो, कारण जुन्या गाड्यांवर तेच करायचं असे. ऑटो स्लॅकने ते काम स्वतः करायचं असतं. त्याने केलं नाही, म्हणजे तो तरी बिघडलाय किंवा कॅमचे बुश, क्लेव्हिस पिन झिजल्यात. हाताने आवळून दोष झाकला जातो आणि काही दिवसांत रॉड परत तितकाच बाहेर येतो. नोंद मात्र होते ‘ब्रेक अ‍ॅडजस्ट केले’. पर्यवेक्षकाने अशी नोंद दिसली की थांबायचं आणि विचारायचं : ऑटो स्लॅकवर अ‍ॅडजस्ट करण्यासारखं काय होतं?

ब्रेक ज्या हवेच्या दाबावर चालतात तिच्या तक्रारीचंही असंच. ‘हवा उतरते’ एवढंच लिहिलेलं असतं. इंजिन बंद करून, टाक्या भरलेल्या असताना, पेडल न दाबता ऐकायचं. आवाज आला तर एअर ड्रायर, गव्हर्नर, टाकीचा ड्रेन व्हॉल्व्ह, चार सर्किटचा व्हॉल्व्ह. पेडल दाबल्यावरच आवाज आला तर फूट व्हॉल्व्हच्या पुढचा भाग : होज पाइप, ब्रेक चेंबरचा डायफ्रॅम. साबणाचं पाणी आणि ब्रश पुरे होतो. माणसं मात्र दोन लागतात, एक पेडलवर आणि एक खाली, आणि रात्री दुसरा माणूस मोकळा नसतो. हवेच्या टाकीत साचलेलं पाणी रोज सोडायचं. कोकणातल्या पावसाळ्यात ते नुसतं नेहमीपेक्षा जास्त निघालं तर समजू शकतो, पण दुधट, तेलकट निघालं तर कॉम्प्रेसर तेल फेकतोय. तेच तेल पुढे जाऊन सगळ्या व्हॉल्व्हमधलं रबर फुगवतं. ड्रेन सोडणारा हेल्पर हे पाहतो, पण त्याला कोणी सांगितलेलं नसतं की हे सांगायची गोष्ट आहे.

मागच्या स्प्रिंग ब्रेक चेंबरबद्दल (हवा गेली की स्प्रिंगच्या जोराने ब्रेक लावणाऱ्या डब्याबद्दल) वेगळं लिहावं लागतं. त्यातली स्प्रिंग शेकडो किलोंच्या जोराने दाबलेली असते. केजिंग बोल्ट लावून ती बांधल्याशिवाय चेंबरचा क्लॅम्प उघडला तर झाकण बंदुकीच्या गोळीसारखं सुटतं. हे काम शिकाऊ उमेदवाराला एकट्याने द्यायचं नाही, आणि कोणालाही घाईत द्यायचं नाही. तसंच, नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कोणी शिरायचं नाही. स्टँड लावायचे, न उचललेल्या चाकांना ओट (चाक घरंगळू नये म्हणून अडसर) लावायची आणि स्टिअरिंगला ‘खाली माणूस आहे’ अशी पाटी अडकवायची. एअर सस्पेन्शनच्या गाडीत फुग्यातली हवा गेली की अख्खी बॉडी खाली बसते, त्यामुळे तिथे चॅसिसखाली स्टँड हवाच. पिटमधला हातदिवा २४ व्होल्टचा पाहिजे, ओल्या पिटमध्ये २३० व्होल्टची वायर नको. यातलं काहीच नवं नाही. सगळ्या भिंतींवर हे रंगवलेलंही असतं.

आता चाकाच्या नटांकडे येतो, कारण इथे कार्यशाळा आणि वाहतूक शाखा या दोघांचा संबंध येतो आणि दोघांनाही तो माहीत नसतो.

चाक बसवताना हबचा आणि चाकाच्या डिस्कचा एकमेकांना टेकणारा पृष्ठभाग तारेच्या ब्रशने साफ करायचा. गंज किंवा रंगाचा जाड थर मध्ये राहिला तर तो काही किलोमीटरमध्ये दबतो आणि नटाचा ताण कमी होतो. नट समोरासमोरच्या क्रमाने, दोन टप्प्यांत आवळायचे, शेवटचा टप्पा चाक जमिनीवर टेकल्यावर. टॉर्क कंपनीच्या पुस्तकात असतो, २२ मिलिमीटर स्टडच्या (ज्यावर नट बसतो त्या बोल्टच्या) बऱ्याच बसना तो ६०० न्यूटन-मीटरच्या आसपास. म्हणजे एक मीटर दांड्याच्या टोकावर साधारण ६१ किलो. ७५ किलोचा माणूस त्याच पाइपवर उभा राहिला तर ७३५ होतो, आणि उडी मारली तर किती होतो ते स्टडलाच ठाऊक. वाऱ्याच्या गनने आवळलेल्या नटाचा टॉर्क तर टाकीतल्या हवेवर ठरतो. जास्त ताणलेला स्टड त्या दिवशी तुटत नाही. तो महिन्याने, दुसऱ्या कोणाच्या पाळीत तुटतो. म्हणून टॉर्क रेंच हवा, तो वर्षातून एकदा किंवा ५,००० वेळा वापरल्यावर तपासून घ्यायला हवा, आणि वापरून झाल्यावर त्याचा काटा सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवायला हवा. कपाटात कुलूपबंद टॉर्क रेंच असलेल्या आगारांना तपासणीत पूर्ण गुण मिळतात, तेवढं मात्र खरं.

खरी गोम पुढे आहे. चाक काढून बसवलं की ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर नट पुन्हा टॉर्कला तपासावे लागतात. शहरातल्या गाडीचं ठीक, ती दुपारी परत येते. पण रात्री चाक बदललेली गाडी सकाळी मुक्कामी फेरीवर लावली तर ती दोन दिवसांनी परत येणार. मधल्या ४०० किलोमीटरमध्ये त्या नटांना कोणी हात लावत नाही. गाडी कुठल्या फेरीला लागणार हे वाहतूक शाखा ठरवते, चाक कोणतं उघडलं हे कार्यशाळेला माहीत असतं, आणि दोघांच्या टेबलांमध्ये एक भिंत असते. उपाय बिनखर्चाचा आहे : चाक उघडलेल्या गाड्यांचे क्रमांक पहाटे चारला वाहतूक नियंत्रकाकडे जावेत आणि त्या दिवशी त्या गाड्या जवळच्या फेरीलाच लागाव्यात. ते शक्य नसेल तर पोहोचण्याच्या आगाराला फोन जावा आणि तिथल्या पर्यवेक्षकाने नट तपासून आपल्या कार्डावर नोंद करावी. नटांवर पिवळे बाणाचे निर्देशक बसवले तर सैल झालेला नट चालकालाही चहाच्या थांब्यावर दिसेल.

बीएस-६ या धुराच्या मानकाच्या गाड्यांबद्दल थोडं. १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्या याच मानकाच्या येतात, म्हणजे प्रश्न आता नवा राहिलेला नाही, सवयी मात्र बीएस-३ च्या आहेत. धूर स्वच्छ करण्यासाठी एक्झॉस्टमध्ये फवारलं जाणारं डीईएफ म्हणजे ३२.५ टक्के युरिया आणि बाकी शुद्ध केलेलं पाणी. ते डिझेलच्या मोजमापातल्या बादलीतून भरलं, किंवा कमी पडलं म्हणून बोअरचं पाणी मिसळलं, की नोझल क्षारांनी बुजतं, इंजिन ताकद कमी करतं आणि चालक लिहितो ‘पिकअप नाही’. पर्यवेक्षकाला यासाठी रिफ्रॅक्टोमीटर पुरतो, एक थेंब टाकून टक्केवारी दिसते. दुसरी खूण हिशेबातच असते : बहुतेक बसना डीईएफ डिझेलच्या साधारण ४ ते ६ टक्के लागतं. एखाद्या गाडीचं प्रमाण एक टक्क्यावर आलं असेल तर तिथे बचत झालेली नाही, डोसिंग बंद आहे.

काजळीच्या फिल्टरबाबत, इंजिन ऑइल पुस्तकात दिलेल्या कमी राखेच्या ग्रेडचंच पाहिजे. जुन्या गाड्यांच्या पिंपातलं ऑइल टॉप-अपला वापरलं तर त्याची राख फिल्टरमध्ये बसते. काजळी जळते, राख जळत नाही. रिजनरेशन, म्हणजे फिल्टरमधली काजळी तापवून जाळणं, उभ्या गाडीत करायचं असेल तेव्हा एक्झॉस्ट ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापतो. गाडी उघड्यावर, सुक्या गवतापासून आणि डिझेल पंपापासून लांब उभी करायची आणि माणूस तिथेच ठेवायचा. एकच गाडी सारखी रिजनरेशन मागत असेल तर इंजेक्टर, टर्बोचं सील, ईजीआर (धुराचा काही भाग इंजिनात परत नेणारी यंत्रणा) पाहायचं. आणि डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं तर खूश व्हायचं कारण नाही, आत डिझेल उतरतंय. स्कॅनरवर बिघाडाचा कोड दिसला तर आधी लिहायचा, मग पुसायचा. सध्या क्रम उलटा आहे, कारण कोड पुसला की दिवा जातो आणि दिवा गेला की गाडी सुटते.

‘पिकअप नाही’ यावर अजून एक शक्यता सगळ्यात शेवटी तपासली जाते, ती पहिली तपासायला हवी : चिकटलेला ब्रेक. आलेल्या गाडीच्या सगळ्या ड्रमचं तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने दोन मिनिटांत मोजता येतं. एक ड्रम इतरांपेक्षा बराच गरम असेल तर तिथे ब्रेक सुटत नाही, बराच थंड असेल तर तिथे ब्रेक लागत नाही. गाडी थंड झाल्यावर ही माहिती जाते. म्हणून ते गेटवरच, धुवायला नेण्याआधी मोजलं पाहिजे.

सुट्या भागांचा विषय निघाला की तुम्ही टंचाईचं सांगता आणि आम्ही ते मान्य करतो. पण उभ्या गाडीचा भाग काढून चालू गाडीला लावण्याचा हिशेब कुठेच मांडला जात नाही. अल्टरनेटर स्टोअरमधून मिळाला तर दोन कामं : जुना काढणं, नवा बसवणं. उभ्या गाडीवरून घेतला तर चार : तिथून काढणं, इथला काढणं, इथे बसवणं, आणि पुढे कधीतरी तिथे पुन्हा बसवणं. शिवाय प्रत्येक वेळी एखादा बोल्ट, क्लिप, वायरचा सॉकेट हरवतो. महिनाभर उभी राहिलेली गाडी एका भागासाठी थांबलेली असते, पण तिला चालू करायला निघालं की वीस वस्तू कमी निघतात. अशा गाडीवर एक कार्ड टांगा : काय काढलं, कोणत्या गाडीला लावलं, कोणाच्या आदेशाने, बोल्ट कुठे ठेवले. आदेश देणाऱ्याचं नाव लिहायचं म्हटलं की निम्मी काढघाल आपोआप थांबेल असा आमचा अंदाज आहे.

आणि मोठे भाग राहू द्या, स्प्लिट पिन, कॉपर वॉशर, लॉक वॉशर, गॅस्केट, सील या एकदाच वापरायच्या वस्तू कधीही संपता कामा नयेत. चहाच्या कपापेक्षाही स्वस्त असलेली वस्तू स्टोअरमध्ये नसल्यामुळे कारागीर जुनीच पिन सरळ करून घालतो, आणि त्याच्यावर सही करायची वेळ पर्यवेक्षकावर येते. या वस्तूंना मागणीपत्र नको. पिटजवळ खणांची पेटी ठेवा आणि ती आठवड्याला भरा.

आता माणसांबद्दल. पर्यवेक्षक बहुतेक कारागिरांतूनच येतो. काल एकाच डब्यातून जेवणारा आज सही करणारा होतो, आणि त्याला या बदलासाठी काय दिलं जातं? एक आदेशाचा कागद. इंजिन उघडणं त्याला येतंच. काम वाटणं, काम थांबवणं आणि जुन्या मित्राला ‘हे परत कर’ म्हणणं हे कोणी शिकवलेलं नसतं. किमान पंधरा दिवस दुसऱ्या आगारातल्या जुन्या पर्यवेक्षकासोबत पाळी करू द्या. आपल्या आगारात नको, तिथे तो शिकायच्या आधीच राबायला लागतो.

कामवाटपात नवख्याला एकटं पाठवायचं नाही आणि जाणत्यालाच रोज तेच काम द्यायचं नाही, नाहीतर आगारात क्लचचा एक माणूस, इलेक्ट्रिकचा एक माणूस उरतो आणि तो रजेवर गेला की गाडी उभी. आयटीआयचे शिकाऊ उमेदवार, डिझेल मेकॅनिकचे असोत वा मोटर मेकॅनिकचे, मनुष्यबळाच्या आकड्यात धरले जातात. ते शिकायला आलेले आहेत. पहाटे तीन ते पाचच्या दरम्यान, डोळे जड असताना, ब्रेक आणि स्टिअरिंगची कामं ठेवायची नाहीत. ती पाळीच्या पहिल्या अर्ध्यात उरकावीत आणि वायपर, काचा, सीट, दरवाजे मागे ठेवावेत. सध्या सोपी कामं आधी होतात, कारण त्यांनी ‘पूर्ण’ गाड्यांचा आकडा लवकर वाढतो.

कारागिराला ‘काय केलंस?’ विचारलं की उत्तर येतं : टाइट केलं, साफ केलं, बघितलं. ‘काय सापडलं?’ विचारायला हवं. कार्डावर ‘दुरुस्ती केली’ हा शेरा आम्ही स्वीकारू नये आणि तुम्ही तो तपासणीत पास करू नये. ‘उजव्या पुढच्या चाकात हब सील गळत होतं, लायनर भिजलेला, दोन्ही बाजूंचे लायनर आणि सील बदलले’ असं लिहिलेलं कार्ड तीन महिन्यांनी उपयोगी पडतं. काही सापडलं नसेल तर तसं लिहायची मुभा पाहिजे. ‘दोष आढळला नाही, चालकासह फेरी मारून पाहावी’ हा प्रामाणिक शेरा आहे. त्यावर मेमो निघणार असेल तर उद्यापासून सगळ्यांना दोष ‘सापडू’ लागतील.

इथून आकड्यांकडे. सुटलेल्या गाड्या मोजा, मार्गस्थ बिघाडही मोजा, पण त्यांच्या बरोबरीने एक तिसरा आकडा मोजा : एकाच गाडीची तीच तक्रार सात दिवसांत किती वेळा परत आली. पर्यवेक्षणाची खरी परीक्षा तिथे होते. मार्गस्थ बिघाडात पंक्चरही येतं आणि नशीबही. परत आलेली तक्रार मात्र सांगते की कारण न शोधता काम बंद केलं गेलं. फक्त हा आकडा शिक्षेला वापरू नका. तसं झालं तर चालकांना तक्रार वेगळ्या शब्दांत लिहायला सांगितलं जाईल, आणि आकडा छान दिसू लागेल.

इलेक्ट्रिक बसची देखभाल बऱ्याच ठिकाणी पुरवठादाराची माणसं करतात, पण आगार एकच असतं आणि धुलाई, टायर, बॉडीचं काम करणारे आपले असतात. नारिंगी केबल दिसली की हात लावायचा नाही, एवढं तरी प्रत्येक हेल्परला माहीत पाहिजे. विजेच्या उच्च दाबाच्या भागावर काम करणाऱ्याने सर्व्हिस प्लग (बॅटरीचा प्रवाह तोडणारा) काढून स्वतःच्या खिशात ठेवायचा, पुस्तकात सांगितलेला वेळ थांबायचं, कारण कपॅसिटरमध्ये दाब उरलेला असतो, आणि मग मीटरने शून्य पाहायचं. मीटर चालू आहे हे त्याआधी आणि त्यानंतर ज्ञात दाबावर तपासायचं. बंद पडलेला मीटरही शून्यच दाखवतो.

शेवटी अधिकाराचा मुद्दा, ज्यावर बाकी सगळं अडतं. गणपतीत मुंबईहून कोकणात जादा गाड्या निघतात, आषाढीला पंढरपूरच्या फेऱ्या लागतात. त्या आठवड्यांत प्रत्येक गाडी हवी असते आणि ‘एवढी एक फेरी मारून येऊ दे’ हे वाक्य रोज ऐकू येतं. नेमक्या त्याच आठवड्यांत गाड्या भरगच्च असतात, घाट ओले असतात आणि गाडी परक्या आगाराच्या हद्दीत बंद पडते, जिथे तिची सवय कोणाला नसते. पर्यवेक्षक गाडी अडवू शकतो असं नियमात असेलही. प्रत्यक्षात तोंडी निरोप येतो, गाडी सुटते, आणि काही झालं तर कार्डावर सही पर्यवेक्षकाची असते.

म्हणून लाल कार्ड. ब्रेक, स्टिअरिंग, चाक-हब, टायर आणि इंधनगळती या पाच कारणांसाठी पर्यवेक्षकाने लाल कार्ड लावलं की ती गाडी सुटणार नाही. टायरच्या नक्षीच्या खाचांची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली नको ही कायद्याचीच मर्यादा आहे, त्यात चर्चा नको. वरिष्ठांना कार्ड काढायचं असेल तर त्यांनी त्याच कार्डाच्या मागे कारण लिहून, नाव, हुद्दा आणि वेळ घालून काढावं. तोंडी नाही, फोनवर नाही. लाल कार्ड लावल्याबद्दल विचारणा करायची असेल तर ती गाडी उघडून, दोष पाहून करावी. खोटं कार्ड लावणारा पर्यवेक्षक त्यात लगेच सापडेल, त्याला आमची हरकत नाही.

तर आमचं म्हणणं असं. रात्री दहा ते दोन या वेळात पर्यवेक्षकाला टेबलावर बसवू नका. नोंदींसाठी एक लिपिक द्या, किंवा सकाळचा तक्ता सातऐवजी दहाला मागवा. नाश्त्याआधी तो कोणी वाचत असेल असं वाटत नाही. रात्री एका पाळीत आठपेक्षा जास्त कारागीर असतील तर दुसरा पर्यवेक्षक द्या. लाल कार्डाचं परिपत्रक काढा. प्रत्येक आगाराला दोन टॉर्क रेंच, एक इन्फ्रारेड थर्मामीटर, एक रिफ्रॅक्टोमीटर आणि पिटजवळची खणांची पेटी द्या. हे सगळं एकदम जमत नसेल तर एका आगारात तीन महिने करून पाहा. परत येणाऱ्या तक्रारींचा आकडा आधी तीन महिने मोजा, म्हणजे तुलना करता येईल. गणपतीच्या आधी सुरू केलं तर बरं.

आणि या काळात एकदा रात्री एकच्या सुमारास, आधी न कळवता या. कार्यालयात येऊ नका, थेट पिटवर या. ड्रम उघडा असेल.

कळावे,

आपले,
आगार कार्यशाळांतील सेवेत असलेले व निवृत्त पर्यवेक्षक

सोबत : उघड्या चाकाच्या तपासणी कार्डाचा नमुना, अर्धं पान. त्यात गाडी क्रमांक, चाक, चालकाचे शब्द, काय सापडलं, काय बदललं, टॉर्क, पर्यवेक्षकाने पाहिल्याची वेळ, आणि ५० ते १०० किलोमीटरनंतर नट कुठे व कोणी तपासले, एवढ्याच ओळी आहेत. सहीच्या रकान्याआधी वेळेचा रकाना मुद्दाम ठेवला आहे, म्हणजे चाळीस कार्डांवर साडेचार वाजलेले दिसले की लगेच कळेल.